बाकी खालून वर का वाचायची?

नववी-दहावीला संगणक विषय घेतलेल्या मुलांना 'तेराचे बायनरी करा' म्हटले, की ती भराभर दोनने भागू लागतात. १३ ला भागले, भागाकार ६, बाकी १. ६ ला भागले, ३, बाकी ०. ३ ला भागले, १, बाकी १. शेवटी १ ला भागले, ०, बाकी १. इथवर सगळे बरोबर असते. मग काही मुले बाक्या वरून खाली वाचतात आणि १०११ लिहितात. हे झाले अकरा. तेरा म्हणजे ११०१.

'खालून वर वाचायचे, पाठ करा', असे सांगितले की मुले परीक्षेपुरते पाठ करतात. पुन्हा चुकले, की घरी निकाल लागतो, 'हिला गणित जमत नाही, विषयच बदलू या.' खरे तर मुलीला भागाकार येतो. तिला एवढेच कळलेले नसते, की पहिली बाकी एककाची असते.

ओळखीचा आकडा घ्या. ३४५ ला १० ने भागत गेलो, तर बाक्या येतात ५, ४, ३. आधी एकक, मग दशक, मग शतक. एककाचे घर उजवीकडे, म्हणून पहिली बाकी उजव्या टोकाला. दोनने भागतानाही हाच नियम. फक्त घरांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढतात.

उर्दू लिहिणाऱ्या मुलांना तर हे अगदी सोपे आहे. उर्दू लिहितो तशा, उजवीकडून डावीकडे, बाक्या येतील त्या क्रमाने मांडत जा. ११०१ आपोआप तयार होते. उलटे वाचण्याची भानगडच नाही.

अशा क्रमवार रीतीला संगणकात अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे विद्वान अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला. हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी पुस्तक लिहिले होते. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेले आणि युरोपला ही रीत कळली.

आई-वडिलांना संगणक येत नसला तरी हरकत नाही. सहा चिठ्ठ्यांवर ३२, १६, ८, ४, २, १ लिहा आणि याच क्रमाने ओळीत मांडा. अम्मीचे वय ३८ असेल, तर कोणत्या चिठ्ठ्यांची बेरीज ३८ होते? ३२, ४ आणि २. घेतलेल्या चिठ्ठीखाली १, उरलेलीखाली ०. उत्तर १००११०. मग मुलांना दादीचे वय मांडायला सांगा. दादी सत्तरीच्या असतील तर सहा चिठ्ठ्या पुरणार नाहीत. सातवी चिठ्ठी कितीची आणि ती कोणत्या बाजूला ठेवायची, हे मुलांनाच सांगू द्या. ते त्यांनी सांगितले, की विषय बदलायची गरज नाही असे समजा.