तिकिटाचे पैसे पगाराला द्या

परदेशातल्या तरुणांना दोन-तीन आठवड्यांसाठी मालाडच्या मालवणीत आणून वस्तीतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवण्याचा उद्योग बंद झाला पाहिजे. मी हे रागाने लिहितो आहे आणि पूर्ण विचार करूनही लिहितो आहे. मी याच भागात राहतो, एका मंडळाच्या खोलीत संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो, आणि ही मंडळी येतात ती आमच्याच खोलीत. त्यांना आणणाऱ्या संस्थेच्या पत्रकात या सहलींचा उद्देश आंतरराष्ट्रीय सामुदायिक भागीदारी आणि डिजिटल समावेशन असा छापलेला असतो. भागीदारी मला आजवर दिसलेली नाही. समावेशन नेमकं कुणाचं झालं, हे विचारल्यावर मला एक नाव कुणी सांगू शकलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातला गट घ्या. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट. पोरं मनाने चांगली होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सोबत आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनी सातवी-आठवीच्या मुलांना माउस कसा धरायचा, पेंटमध्ये घर कसं काढायचं, रंग कसा भरायचा हे शिकवायला घेतलं. आमची मुलं मोबाइलवर व्हिडिओ कापतात, गाणं चढवतात, वर मजकूर टाकतात आणि दहा मिनिटांत रील लावून मोकळी होतात. पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून ती निमूट घर काढत बसली.

त्याच वेळी दारात एक काकी येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःचं आधार, नवऱ्याचं आधार आणि पासबुक. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी करायचं होतं. नवऱ्याच्या आधारला जोडलेला नंबर दिराकडे, आणि दीर वसईला कामावर. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, त्याने तो वाचून सांगायचा आणि दहा मिनिटांच्या आत इथे टाकायचा. दिराने फोन उचलला तोवर वेळ उलटून गेली होती. दुसऱ्यांदा ओटीपी मागवला तर साइटच उघडेना. काकी इमिटेशन ज्वेलरीच्या कामाला जातात. म्हणाल्या, "सर, उद्या येऊ का? पण उद्या परत खाडा पडेल." खोलीत लॅपटॉप होते, इंटरनेट होतं, कॉम्प्युटर कोळून प्यायलेली शिकलीसवरली माणसं होती. त्यांच्यातल्या एकालाही पोर्टलवरचं मराठी वाचता येत नव्हतं, काकींशी दोन वाक्यं बोलता येत नव्हती, आणि त्यांच्या दौऱ्याच्या वेळापत्रकात अशा कामाला जागाच नव्हती. काकी परत गेल्या. संध्याकाळी फोटो निघाले.

मालवणीतली डिजिटल अडचण म्हणतात ती ही. तिचा माउसशी काही संबंध नाही.

मढच्या जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे वर्सोवा दिसतो. परदेशातून समुद्राच्या तळावरून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल ज्या ठिकाणी भारताच्या जमिनीवर येतात, त्यांतलं एक मोठं ठिकाण हा वर्सोव्याचा किनारा. लिंक रोडला माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती आहेत, तिथे रात्रंदिवस परदेशाची कामं चालतात. सिग्नल आम्हाला भरपूर मिळतो. अडतं ते सरकारने माणूस आणि त्याचा हक्क यांच्यामध्ये उभ्या केलेल्या पडद्यावर. लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, महिना १,५०० रुपये. अर्ज ॲपवर. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीचं झालं, आणि बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही ओटीपीने पडताळायचं ठरलं. ज्या बाईचा नवरा मेला आहे, ज्या बाईला नवऱ्याने टाकलं आहे, तिने काय करायचं, याची सोय सुरुवातीला केलेलीच नव्हती. ओरड झाली तेव्हा कुठे मुदत वाढली आणि मार्ग काढला गेला. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठत नाही. आयुष्यभर भांडी घासलेल्या, मणी ओवलेल्या बोटांच्या रेषा मशीनला सापडत नाहीत आणि गहू-तांदूळ अडून बसतो. बाई मग झेरॉक्सच्या दुकानात जाते, तिथे एका फॉर्मला मागतील ते पैसे मोजते आणि आपला आधार नंबर, बँकेचा नंबर, ओटीपी सगळं अनोळखी माणसाच्या हवाली करून येते.

यातलं काय सोडवायला ॲमस्टरडॅमहून किंवा बोस्टनहून माणूस येणार आहे? भारताच्या पर्यटक ई-व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा फार तर एक महिना करता येते. म्हणजे कुणी मनापासून राहायचं म्हटलं तरी मालवणीत गेट नंबर सात कुठे संपतं आणि आठ कुठे सुरू होतं, हे कळेपर्यंत त्याची परतीची तारीख येते.

बाहेरच्या माणसाने येऊच नये, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राला त्याचा चांगला अनुभव आहे. पियरे सेरेसोल या स्विस माणसाने १९२० साली पहिल्या महायुद्धात बेचिराख झालेल्या फ्रान्सच्या एका गावात श्रमदानाचं शिबिर भरवलं. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारात आले आणि गावं पुन्हा उभी करण्यासाठी राबले. पुढे १९५०च्या दशकात त्याच संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन राहिले आणि त्यांनी तिथे इमारती बांधल्या. ते दिवस आठवा. महारोग्याच्या हातचं पाणी प्यायला गावातला माणूस तयार नव्हता, त्याच्या शेतातली भाजी बाजारात कुणी घेत नव्हतं. जे काम इथला माणूस करायला धजत नव्हता, ते काम त्या परक्यांनी केलं. काम काय करायचं हे आनंदवनाने ठरवलं, पाहुण्यांनी विटा वाहिल्या. त्यांच्या येण्याने वरोऱ्यातल्या एकाही माणसाचा रोजगार बुडाला नाही, उलट गावकऱ्यांची भीती मोडली.

जे काम इथे कुणी करत नाही तेच परक्याने करावं, हा निकष मालवणीला लावून पाहा. कॉम्प्युटर शिकवायला इथे माणूस मिळत नाही का? २००१ पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा कोर्स महाराष्ट्राच्या गल्लीगल्लीत चालला आहे. सरकारी नोकरीला तो लागतो, म्हणून आईबापांनी पोटाला चिमटा काढून पोरींच्या फिया भरल्या. आमच्या मालवणीत एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फायलीत घालून घरी बसलेल्या पोरी हव्या तेवढ्या सापडतील. त्यांना मराठी येतं, हिंदी येतं, कित्येकींना उर्दू वाचता येतं. कोणत्या बाईचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे, कुणाचा नवरा ओटीपी सांगायला मुद्दाम टाळाटाळ करतो, कुणाला दुपारीच गाठावं लागतं, हे त्यांना न सांगता माहीत असतं. या पोरींना महिना काही हजार देऊन बसवायला पैसा नाही, असं आम्हाला सांगितलं जातं. त्याच वेळी एका पाहुण्याच्या विमानभाड्याला, हॉटेलला, एसी गाडीला, त्याला आणणाऱ्या कंपनीच्या फीला पैसा असतो. २०२३ च्या वाढीनंतर महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकेचं मानधन महिना १०,००० रुपये झालं होतं. युरोपातून मुंबईच्या एका जाण्या-येण्याच्या तिकिटात असली कित्येक महिन्यांची मानधनं बसतात. हा हिशोब मांडला की संयोजक गप्प होतात.

एकदा एका संयोजकाने मला स्पष्टच सांगितलं, "दादा, पगाराला कुणी देणगी देत नाही. त्यात दाखवायला काही नसतं." तो खरं बोलला. दाखवायला मुलं लागतात. म्हणून आमच्या मुलांचे चेहरे, त्यांच्या शाळेचा गणवेश, मागे गल्लीचं नाव, सगळं परदेशातल्या लोकांच्या फोनमध्ये जातं. आईबापांना विचारलेलं नसतं. इंग्लंडमध्ये मुलांच्या सहवासात नियमित काम करायचं असेल तर माणसाची डीबीएसची गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते. त्याच इंग्लंडमधला माणूस मालवणीत उतरल्या दिवशी वीस-पंचवीस मुलांच्या खोलीत जातो, आणि त्याची कसलीच चौकशी झालेली नसते. जी खबरदारी त्यांच्या मुलांसाठी आहे, ती आमच्या मुलांसाठी का नको? याचं उत्तर मला कुणीतरी लेखी द्यावं.

पैसा सरळ आमच्यासारख्या मंडळाला का मिळत नाही, याला दिल्लीही जबाबदार आहे. २०२० साली विदेशी योगदान नियमन कायदा बदलला. तेव्हापासून परवाना असलेल्या संस्थेलाही परदेशातून आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. मोठ्या संस्थेकडून वस्तीतल्या लहान मंडळाकडे येणारा झरा त्यामुळे आटला. माणसाला मात्र व्हिसा मिळतो. पैशाला बंदी आणि पर्यटकाला मुभा, अशी ही व्यवस्था आहे, आणि तिचा फायदा सहली काढणाऱ्या कंपन्या उचलतात.

शिवाय हा रस्ता एकेरी आहे. मालवणीतली एखादी मुलगी तिकडच्या उपनगरात दोन आठवडे जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉल शिकवते, असं कधी घडलं आहे का? व्हिसासाठी तिच्याकडे बँकेतली शिल्लक मागतील, परत येण्याचा पुरावा मागतील आणि बहुधा नकार देतील. ज्या संस्था भागीदारीचे करार करतात, त्यांनी आमच्या एका तरी पोरीला सन्मानाने बोलवून न्यावं. त्या दिवशी मी त्यांच्या भागीदारीवर विश्वास ठेवीन.

गोऱ्यांवर माझा राग आहे, असं कुणी समजू नये. मालाडच्याच मोठ्या कंपन्यांमधून सीएसआरच्या दिवशी बसगाड्या भरून येणारे आपले मराठी-गुजराती-तमिळ तरुण तेच करतात. भिंत रंगवतात, वह्या वाटतात, फोटो काढतात, चारला बस निघते. कंपनी कायद्याच्या दोन टक्क्यांचा हिशोब लागतो आणि भिंतीचे पोपडे पुढच्या पावसात पडतात.

यंत्र आणून ठेवलं की माणूस आपोआप पुढे जातो, ही समजूतही या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि ती महाराष्ट्रात तपासून झाली आहे. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हातात आले, जगभर बातम्या झाल्या. देशभर ती योजना कधी उभी राहिली नाही. मुंबई महापालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅब दिले, तेही थोड्याच वर्षांत जुने होऊन, बिघडून बाजूला पडले. वस्तू येते, तिची बातमी होते, आणि ती दुरुस्त करणारा, ती वापरायला शिकवणारा, रोज हजर असणारा माणूस कुणाच्या अंदाजपत्रकात नसतो.

डिजिटल कारभार माणसाच्या सोयीचा व्हावा म्हणून खरं काम कुणी केलं, ते मी सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. फोन बंद पडत होते, दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी बसत होता, आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. सातवी-दहावी शिकलेल्या बायकांनी मोर्चे काढून केंद्र सरकारच्या ॲपला जाब विचारला, आम्हाला आमच्या भाषेत काम करू द्या म्हणून संघटनेमार्फत कोर्टापर्यंत भांडल्या. हे डिजिटल समावेशनाचं काम आहे. त्यावर एकही आंतरराष्ट्रीय परिषद भरली नाही.

हक्कासाठी टिकून कोण लढतं, हे आमच्या इथलंच बघा. २००४-०५ च्या तोडफोडीत मालवणीच्या अंबुजवाडीवर बुलडोझर चालला. त्यानंतर तिथल्या लोकांना नळ मिळवायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पाणी हक्क समिती मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने पालिकेला बजावलं की झोपडी २००० नंतरची असली तरी पाणी नाकारता येणार नाही. त्या निकालानंतरही अर्ज, हेलपाटे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातली भांडणं चालूच राहिली. ही लढाई इथे राहणाऱ्या आणि वस्तीत पाय रोवून बसलेल्या कार्यकर्त्यांनी लढली. त्यांच्यातल्या कुणाकडेही परतीचं तिकीट नव्हतं.

परदेशातल्या ज्या लोकांना खरोखर मदत करायची आहे, त्यांच्यासाठी काम भरपूर आहे. घरी बसून करा. ज्या संस्थांकडे परदेशी देणगी घेण्याचा परवाना आहे, त्यांना सांगा की तुमचा पैसा दोन स्थानिक मुलींच्या वर्षभराच्या पगाराला, खुर्चीला, प्रिंटरच्या शाईला वापरायचा आणि त्याचा फोटो मागणार नाही. तुमच्यात प्रोग्रामर असतील तर सरकारी पोर्टल जुन्या, स्वस्त फोनवर का अडकतं ते तपासा आणि तसं मुंबईच्या मंत्रालयाला लिहा. तुम्ही लिहिलेलं पत्र तिथे आमच्या पत्रापेक्षा लवकर उघडलं जातं, हे दुर्दैवाने खरं आहे, तेव्हा त्याचा उपयोग करा. आणि यायचंच असेल तर आधी सहा महिने मराठी किंवा हिंदी शिका, तपासणीचा कागद घेऊन या, आणि आमच्या मुली सांगतील ते काम करा. झेरॉक्स काढा, रांग लावा, लहान पोरं सांभाळा, म्हणजे त्यांच्या आयांना ओटीपी टाकायला हात मोकळे मिळतील.

पुढच्या गटासाठी खोली मिळावी म्हणून मंडळाकडे पत्र आलं आहे. सभेत मी विरोध करणार आहे. खोली द्यायचीच असेल तर दोन अटी घालाव्यात, असं माझं म्हणणं आहे. पाहुण्यांच्या खर्चाचा पूर्ण आकडा त्यांनी सभेत वाचून दाखवावा, आणि तेवढीच रक्कम वस्तीतल्या मुलींच्या पगारासाठी आधी बाजूला काढावी. हे त्यांना मान्य नसेल तर ते दोन आठवडे संध्याकाळी त्या खोलीत ई-केवायसी आणि रेशनचे फॉर्म भरले जातील. बायकांची यादी तयार आहे.