सोबत्याच्या चालीने

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी सुजलेले मनगट घेऊन दवाखान्यात आले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाची टेकडी ते आपल्या अकरा वर्षांच्या मोतीसह चढत होते. साखळी मनगटाला गुंडाळलेली होती. वानर दिसताच मोतीने झेप घेतली आणि गुरुजी तोल जाऊन पडले. सुदैवाने हाड शाबूत होते. निघताना त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, मोतीलाही दोन दिवसांपासून उठताना त्रास होतो. माझी गुडघ्याची गोळी अर्धी देऊ का?’’

वाचकहो, याचे उत्तर ठाम ‘नाही’ असेच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या आपल्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा पोहोचते. पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. त्याचे औषध पशुवैद्यकानेच ठरवावे.

म्हणून सहल सोडावी असे नव्हे. वृद्धापकाळी चालणे सांध्यांना आणि मनाला, दोघांच्याही, हितकारकच असते. मात्र दोघांपैकी जो अधिक थकलेला, त्याच्या चालीने चालावे. कुत्रा दुखणे सांगत नाही. ते ओळखावे लागते. मागे रेंगाळणे, बसल्यावर उठताना अवघडणे, मागच्या पायांची नखे जमिनीला घासणे, ही त्याची भाषा होय. अशी खूण दिसताच थांबावे. उतारावर आपल्या गुडघ्यांवर आणि त्याच्या पुढच्या पायांवर अधिक भार येतो; म्हणून निम्मा दम शिल्लक असतानाच परत फिरावे.

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडीत सांधे आखडतात, तेव्हा ऊन वर आल्यावरच निघावे. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचे तळपायही भाजतील. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापेवाटेच उष्णता बाहेर टाकतो. म्हणून पाणी आणि त्याची वाटी सोबत असावी. साखळी मनगटाला कधीही गुंडाळू नये; रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही, कारण साधे पडणेही त्यांना महागात पडते.

जागा निवडतानाही विवेक हवा. 2013 मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कुत्रा नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांतील डिस्टेंपरचा विषाणू वन्य मांसाहारी प्राण्यांना होतो. 2018 मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंत तो आढळला होता. जंगलालगत सांजसकाळी बिबट्याचेही भय असते. सारस पक्ष्यांचा वावर असलेल्या धानाच्या बांध्यांत कुत्रा मोकळा सोडू नये. लसीकरण पूर्ण असावे आणि घरी परतल्यावर कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावेत.

गुरुजी आता टेकडी चढत नाहीत. पायथ्याशी सावलीत सतरंजी अंथरून ते बसतात, मोती शेजारी पहुडतो. ‘‘शिखर तेवढेच सुंदर दिसते, डॉक्टरसाहेब,’’ ते परवा म्हणाले, ‘‘आणि परतताना दोघेही आपल्या पायांनी येतो.’’