सांडपाण्याचे माप कोणाच्या हाती?

बोईसर-तारापूरच्या कारखानदारीने हजारो हातांना काम दिले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु तिच्या सांडपाण्याचा भार नवापूरच्या किनाऱ्यावर पडला, हेही तितकेच खरे आहे. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने मच्छीमारांच्या वतीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने कारखान्यांना व सामायिक प्रक्रिया केंद्राला पर्यावरणीय भरपाई भरण्याचा आदेश दिला. मात्र भरपाईने गेलेली मासळी परत येत नाही. म्हणून मूळ प्रश्न मापाचा आहे.

सामान्यतः चर्चा होते ती पाणी किती घाण आहे याची. एका लिटरमागे रासायनिक प्राणवायू-मागणी २५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा सामायिक केंद्रांसाठी दंडक आहे. तो पाळून रोज २॥ कोटी लिटर पाणी सोडले, तर समुद्रावर पडणारा भार ६,२५० किलो होतो. ५ कोटी लिटर सोडले, तर १२,५०० किलो. दंडक एकच, भार दुप्पट! शिवाय चांगले पाणी मिसळून घाण पातळ करण्याची पळवाट आहेच. ती उघडी पडते केवळ प्रवाह मोजल्याने.

गढूळ, दाहक पाण्यात फिरते चक्र घातले, तर ते गाळाने अडकते किंवा झिजते. येथे ध्वनिलहरी उपयोगी पडतात. पालघरच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी पुढे जाताच खालच्या स्वरात ऐकू येते. हा परिणाम डॉप्लरने १८४२ मध्ये मांडला. नळाच्या बाहेर बसविलेले यंत्र कानाला न ऐकू येणाऱ्या लहरी आत सोडते. वाहते कण व बुडबुडे त्या परतवितात. त्यांच्या वारंवारतेतील फरकावरून वेग कळतो. स्वच्छ पाण्यात ही रीत निरुपयोगी ठरते, कारण तेथे लहर परतविणारे काही नसते. घाणच येथे आपल्या वेगाची साक्ष देते!

परंतु यंत्राच्याही मर्यादा आहेत. ते वेग सांगते, पाण्याचे प्रमाण नव्हे. वेगाला नळातील वाहत्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे लागते. तळाशी गाळ साचला वा नळ अर्धाच भरला, तर ते गणित चुकते. कण पाण्यापेक्षा मंद सरकत असतील, तरीही आकडा फसवा ठरतो. म्हणून वेळोवेळी तपासणी हवी, आणि ती ज्याचे सांडपाणी मोजले जाते त्याच्या हातून नव्हे.

केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक उद्योगांना व सामायिक केंद्रांना अखंड नोंद ठेवणारी यंत्रे बसविण्यास सांगितले. हे योग्यच झाले. आता प्रत्येक निर्गम-नळावर प्रवाह आणि घाण यांची एकत्र नोंद व्हावी, दिवसाचा भार किलोमध्ये काढावा व तो नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटी येथील ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावा. परिसरातील विज्ञानशिक्षकांनी तो आकडा विद्यार्थ्यांकडून ताडून घेतला, तर त्याहून उत्तम धडा कोणता?

दुकानातील तराजू गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा लागतो. समुद्राच्या बाबतीत गिऱ्हाईक म्हणजे किनाऱ्यावरचा माणूस. त्याला माप दिसू नये, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करणार?