फोटो सजवा, पण पानाला हात लावू नका



आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका गावात पोरांचा नवा खेळ पाहिला. मोबाईलवर एकच फोटो सर्वांनी आपापल्या परीने सजवायचा आणि मग एकमेकांना सांगायचे, इथे छान जमले, इथे रंग जास्त झाला. चिडाचिड नाही. बांधावर इतक्या गोडीने कोण कोणाची चूक सांगतो?

पण असाच सजवलेला कपाशीच्या पानाचा फोटो माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. पान सगळे लालभडक, कडा कापलेल्या! शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला, तर मॅग्नेशियमची कमतरता. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारावे. कडा पिवळ्या-लाल होऊन मुरडल्या, तर तुडतुडे. त्याचे औषध वेगळे. मूळ फोटो मागवला. शिरा हिरव्या होत्या. कीटकनाशकाचा खर्च टळला.

मग पोरांना मीच पैज लावली: रोगट पान जसे आहे तसे दाखवा. सावलीत धरा, पालथे करूनही एक फोटो घ्या, शेजारी निरोगी पान ठेवा. एका मुलीच्या फोटोत पानाखालचा तुडतुडा दिसला, जरा पुसट. बाकीची म्हणाली, "ताई, नेमका धरलास! पुढच्या वेळी कोपर गुडघ्यावर टेकव, हात हलणार नाही."