भाची कॉन्फरन्सला निघाली तेव्हा

मैत्रिणींनो, संमेलन म्हटलं की आम्हा यवतमाळकरांना जानेवारी २०१९ आठवतो. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, केवढा तरी वाद झाला, आणि शेवटी उद्घाटनाचा मान मिळाला तो आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांना. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी साहित्याच्या मांडवात बोलायला उभी राहिली आणि सगळा मांडव कान देऊन ऐकत होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी आणखी एका संमेलनाच्या दारापर्यंत जाऊन आले. दारापर्यंतच हं! आत जायला गळ्यात पट्टा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. माझ्या कडेवर होती दहा महिन्यांची नात.

झालं असं. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पुण्यात आयटीत आहे. बेंगळुरूला भरणाऱ्या ‘ग्रेस हॉपर सेलिब्रेशन इंडिया’ या परिषदेला तिची कंपनी तिला पाठवणार होती. संगणक क्षेत्रातल्या बायकांची ही मोठी परिषद. मूळची अमेरिकेतली. अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी या दोघींनी १९९४ मध्ये वॉशिंग्टनला पहिली भरवली तेव्हा जेमतेम पाचशे जणी होत्या; २०१७ मध्ये तोच आकडा अठरा हजारांवर गेला. भारतात ती २०१० पासून भरू लागली.

भाचीचा फोन आला. “मावशी, तीन दिवस बाळाला सांभाळायला माझ्यासोबत बेंगळुरूला येशील? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिला जमणार नाही.”

आता खरं सांगते. मी महिला मंडळात भाषणं देते, बचत गटांच्या बैठका घेते, ‘बाईनं घराबाहेर पडलं पाहिजे’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याला हिशेब नाही. आणि त्या फोनवर माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? “अगं, एवढं लहान लेकरू घेऊन कशाला जातेस? पुढच्या वर्षी जा ना.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी पाठवतीलच असं नाही गं.”

रात्री झोप लागेना. आमचे हे कृषी केंद्रवाल्यांच्या अधिवेशनाला दरवर्षी जातात. मुलं लहान होती तेव्हाही जायचे. मोठ्याला गोवर निघाला होता त्या वर्षीही गेले. मी चिवड्याचा डबा भरून दिला, शर्टांना इस्त्री केली, आणि मागे मुलांचं काय हा प्रश्न त्यांना मी विचारला नाही, सासूबाईंनी विचारला नाही, शेजारणीनंही नाही. मग भाचीला कोणत्या तोंडाने विचारला? सकाळी उठल्या उठल्या फोन करून ‘येते’ म्हटलं.

तिकडे विहीणबाईंचा वेगळाच सूर. “तीन दिवस बसून भाषणंच ऐकायची ना? ती तर घरी लॅपटॉपवर पण दिसतात म्हणे.” त्यांना तरी काय दोष द्यायचा! कामाला जाणं आपल्याला समजतं, पगाराची चिठ्ठी दिसते. पण कामासाठी चार लोकांत मिसळायला जाणं ही बाईच्या बाबतीत अजून हौसच वाटते, माहेरपणासारखी.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठलं, तिथून विमान. कंपनीने खर्च दिला तो भाचीचा. माझं आणि बाळाचं तिकीट तिने पदरचं काढलं. माझा तर पहिलाच विमान प्रवास, त्यात मांडीवर बाळ. कान दुखून ती रडायला लागली तशी मीही घाबरले. पलीकडच्या सीटवरच्या एका कन्नड आजींनी खुणेनं सांगितलं, ‘पाणी पाज.’ पाजलं आणि थांबली बाई!

तीन दिवस माझा मुक्काम हॉटेलच्या खोलीत. सकाळी आठला भाची बाहेर पडायची. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, दुपारची झोप, सगळं माझ्याकडे. पहिल्या दिवशी संध्याकाळी बाळाला घेऊन परिषदेच्या दारापर्यंत गेले. बायकांचा नुसता लोंढा बाहेर पडत होता. जीन्सवाल्या, सलवार कमीजवाल्या, कांजीवरम नेसलेल्या, पांढऱ्या केसांच्या. एक पोट सावरत चालणारीही दिसली, सातवा तरी महिना असावा. भाची हसत म्हणाली, “मावशी, ऑफिसच्या कार्यक्रमांत लेडीज टॉयलेट रिकामं असतं. इथे आज आयुष्यात पहिल्यांदा रांग लावली!”

रात्री बाळ झोपलं की ती मला दिवसभराचं सांगायची. ग्रेस हॉपर कोण ते मला तेव्हाच कळलं. गणिताच्या प्राध्यापक, अमेरिकन नौदलात अधिकारी. संगणकाला हुकूम आकड्यांत न देता माणसाच्या शब्दांत देता यावेत हा ध्यास त्यांनी घेतला, त्यातून पुढे १९५९ मध्ये ‘कोबोल’ ही भाषा आकाराला आली. १९४७ मध्ये त्यांच्या चमूला यंत्रात अडकलेला पतंग सापडला आणि तो त्यांनी चक्क नोंदवहीत चिकटवून ठेवला. मला आवडली ती पुढची गोष्ट. साठाव्या वर्षी, १९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं, आणि पुढच्याच वर्षी काम अडलं म्हणून परत बोलावलं. अखेर निवृत्त झाल्या तेव्हा वय होतं ७९!

भाचीला हे लागलं असणार, कारण तीही नुकतीच परत आली होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते, तिलाही मिळाली. पण कामावर आली तोवर तिचं जुनं काम दुसऱ्याकडे गेलेलं. ‘आता हिला झेपणार नाही’ असं कुणी बोललं नाही, सगळे समजूतदारपणेच वागत होते. तोच समजूतदारपणा तिला खात होता. आपल्या देशातल्या आयटी कंपन्यांत साधारण तीन माणसांत एक बाई असते. वरच्या खुर्च्यांकडे पाहत जावं तशी ती विरळ होत जाते. कुठे गळते? बहुतेक इथेच, पाळण्यापाशी.

तिसऱ्या दिवशी एका सत्रात तिने हात वर केला. यवतमाळच्या मराठी शाळेतली पोर, भरल्या सभागृहात इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हणजे तळहाताला घाम. विचारलं, “रजेवरून परतल्यावर आधीचंच काम परत मागायचं कसं?” उत्तर फार मोठं मिळालं नाही म्हणे. पण सत्र संपल्यावर तीन अनोळखी बायका तिच्याजवळ आल्या. एक चेन्नईची, एक इंदूरची, एक बेंगळुरूचीच. चहाच्या कपावर अर्धा तास उभ्याउभ्या बोलल्या. ते अर्धा तास बोलणं कुठल्या लॅपटॉपवर दिसणार?

लॉकडाऊनच्या वर्षी भाचीचा प्रोजेक्ट बंद झाला तेव्हा तिने पहिला फोन त्या इंदूरवालीला लावला. दोन महिन्यांत नवं काम मिळालं.

अशा परिषदांत सगळं सोन्याचं असतं असं नाही. कंपन्यांची दुकानं असतात, जाहिरात असते, भाषणांत गोडगोड फार. भाचीने सात पेनं आणि तीन पिशव्या आणल्या. त्यातली एक अजून माझ्याकडे आहे, भाजीला नेते. २०२३ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला तर नोकऱ्यांच्या टंचाईमुळे या बायकांच्या परिषदेत पुरुषांनीच एवढी गर्दी केली की बायकांना रांगेत मागे उभं राहावं लागलं. आयोजक म्हणाले, कायद्याने आम्ही त्यांना अडवू शकत नाही. घ्या!

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं. मुंबईला बचत गटांचं ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन भरतं. मागच्या वेळी आमच्या एका गटातल्या लोणचं-पापडवालीला जायचं होतं. दहा-बारा दिवसांचा मामला. घरून नकार. मी समजवायला गेले तर सासू म्हणाली, “बाई, मुंबईले कायले जायाचं? माल पाठवून देते न ते. अन् मांगं भाकरी कोण थापीन?”

विहीणबाईंचीच भाषा, फक्त वऱ्हाडीतून. आणि माझीही.

मी त्या माउलीला भाचीची गोष्ट सांगितली. तिला आयटी कळलं नाही, पण मी बाळ घेऊन हॉटेलात बसले होते हे मात्र नीट कळलं. “तुमी सोता गेल्या होत्या?” तिने दोनदा विचारलं. मग बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

“दहा दिवस थापीन मी,” म्हणाली. “पन तिले सांगा, समुद्राचं पानी आनजो म्हना बाटलीत. म्या पायलं नाई.”

धामणगावहून गाडी होती. पापडाच्या खोक्यांसोबत सून रिकामी बाटलीही घेऊन गेली.