परक्या गावचा चातुर्मास

पर्युषण आटोपले, संवत्सरीची क्षमापना झाली आणि थोड्याच दिवसांत माझी भाची बेल्जियममधील अँटवर्प या शहरी शिक्षणासाठी रवाना झाली. पदवीच्या अभ्यासक्रमातील एक सत्र, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंतचा काळ, तिला तेथील विद्यापीठात काढावयाचा होता. वहिनीने अर्धी बॅग खाखरे, थेपले आणि मुगाच्या पापडांनी भरली. भावाने तेथील हिरेबाजारातील ओळखीच्या दोन पेढ्यांचे पत्ते एका कागदावर लिहून दिले आणि बजावले, “उतरल्याबरोबर यांच्याकडे जा. आपली माणसे आहेत. पुढचे सगळे तेच पाहतील.”

तिने कागद जपून ठेवला, पण म्हणाली, “बाबा, रविवारी नक्की जाईन. त्याआधीचे तीन दिवस गाव माझे मला पाहू द्या.” भावाचा चेहरा उतरला. मुलगी अजून विमानात बसली नाही तोच आपल्या माणसांपासून दूर जाऊ लागली, असे त्याला वाटले असावे.

मला मात्र तिच्या बोलण्यात आपल्याच परंपरेतील एक रीत दिसली. सत्र चार महिन्यांचे, चातुर्मासही चार महिन्यांचा. आपले साधू-साध्वी पायी विहार करीत अनोळखी गावी येतात आणि तेथे स्थिरावतात. पुढची चार हात जमीन न्याहाळीत चालतात, गोचरीसाठी घरोघर जातात आणि पात्रात काही घेण्यापूर्वी ते कसे केले, कोणासाठी केले याची चौकशी करतात. म्हणूनच गावाची जी ओळख त्यांना महिन्याभरात होते, ती तेथे जन्म काढलेल्यांनाही कित्येकदा नसते. “साध्वीजी राहतात तशी चार महिने राहा,” एवढेच मी तिला निघताना सांगितले. या उपदेशातला चौकशीचा भागच सर्वांत आधी कामी येणार आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

गुरुवारी ती पोहोचली. तिच्याकडे दुपार कलली की आमच्याकडे रात्र होते. त्या वेळी तिचा फोन येई आणि घरबसल्या आमचीही पदयात्रा घडे. पहिले वर्णन रेल्वे स्थानकाचे होते. 1905 सालचे हे स्थानक भव्य घुमटाखाली एखाद्या राजवाड्यासारखे उभे आहे आणि गाड्या तीन निरनिराळ्या पातळ्यांवर थांबतात. तेथून ती बाजारपेठेतून चालत स्खेल्दे नदीपर्यंत गेली. मुख्य चौकात ब्राबो नावाच्या वीराचा पुतळा आहे. नदीवर जकात न देणाऱ्या खलाशांचे हात तोडणारा एक राक्षस होता, ब्राबोने त्याचाच हात तोडून नदीत फेकला, अशी दंतकथा तेथे सांगतात. त्यामुळे हात हे त्या शहराचे चिन्ह झाले आहे. बिस्किटेही हाताच्या आकाराची मिळतात. “आत्या, इथे जिकडे तिकडे तोडलेला हात,” ती म्हणाली, “आणि माझ्या पेटीवर आपला अहिंसेचा उघडा हात.” भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, 1974-75 मध्ये, सर्व पंथांनी मिळून स्वीकारलेले ते आपले प्रतीक वहिनीने तिच्या बॅगेवर चिकटवले होते.

शुक्रवारी तिने जे पाहिले ते आपल्या व्यापारी घरांना विशेष जवळचे वाटेल. अँटवर्पमध्ये 1531 साली व्यापाऱ्यांसाठी मुद्दाम एक सौदागृह बांधण्यात आले. कोणत्याही देशाच्या आणि कोणतीही भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याला ते खुले असावे, हा त्यामागील हेतू होता. लंडनचे रॉयल एक्स्चेंज याच नमुन्यावर उभारले गेले. मूळ वास्तू 1858 च्या आगीत जळाली. 1872 मध्ये पुन्हा उभी राहिली. तिला चारही बाजूंनी रस्ते येऊन मिळतात. त्या छताखाली उभी राहून भाची आजोबांच्या पेढीची आठवण काढत होती.

त्याच दिवशी रात्री उशिरा पुन्हा फोन वाजला. आवाज पडलेला होता. “आत्या, एक चूक झाली आहे. बाबांना आत्ताच सांगू नकोस.”

घडले ते असे. सूर्यास्ताला अजून तास-दीड तास होता. वर्गातील नव्या मैत्रिणी तिला बटाट्याच्या तळलेल्या कापांच्या टपरीवर घेऊन गेल्या. असे कापांचे ठेले त्या देशात गल्लोगल्ली असतात. बटाटा ती खात नाही. म्हणून तिने चीजचे तळलेले क्रोकेट घेतले. त्यात काय असते, कशात तळतात, हे विचारण्याचे तिच्या ओठावर आले होते. पण मागे रांग होती, मैत्रिणी हसत-बोलत होत्या आणि पहिल्याच ओळखीत आपण विचित्र दिसू, अशी तिला भीती वाटली. खाऊन झाल्यावर एक मैत्रीण सहज म्हणाली की, येथे अनेक ठिकाणी जुन्या पद्धतीने बैलाच्या चरबीतच तळतात.

मला काही क्षण शब्द सुचेना. ‘काही होत नाही’ असे म्हणणे खोटे ठरले असते, कारण तिच्या दृष्टीने फार मोठे काही झाले होते. ‘म्हणूनच बाबा सांगत होते’ असे म्हटले असते, तर पुढची चूक तिने मलाही सांगितली नसती. शेवटी मी म्हणाले, “प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिली आलोचना. झालेला दोष न लपवता सांगणे. ती तू आत्ताच केलीस. रीतसर प्रायश्चित्त परत आल्यावर महाराजसाहेबांकडून घे. उद्या झेपेल तर एकासणे कर. आणि त्या टपरीवर परत जा.”

“परत? कशाला?”

“विचारायला. काल जो प्रश्न गिळलास, तो उद्या विचार.”

शनिवारी ती हिरेबाजाराच्या बाजूने चालत गेली. स्थानकालगतच्या या मोजक्या गल्ल्यांत पालनपूरकडील जैन कुटुंबे आणि ज्यू व्यापारी शेजारी शेजारी बसून पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास सांभाळतात. सौदा ठरला की हस्तांदोलन करून हिब्रू भाषेतील ‘मझल’ हा शुभशब्द उच्चारतात. भारतीय व्यापारीही तोच उच्चारतात आणि दिलेला शब्द पाळला जातो. त्या दिवशी ज्यूंचा विश्रामवार होता. धर्मनिष्ठ ज्यू त्या दिवशी वाहनात बसत नाहीत. काळ्या पोशाखातील वडीलधारी माणसे मुलाबाळांसह पायी निघाली होती. आहाराचे कडक नियम त्यांचेही आहेत. त्यांच्याकडे पाहून तिला वाटले, ही माणसे इतकी शतके आपापले नियम सांभाळून याच रस्त्यांवरून चालत आहेत; मग एक साधा प्रश्न विचारायला आपणच का लाजावे?

संध्याकाळी ती टपरीवर गेली. डच भाषेत ‘कृपया’ला ‘आल्स्टुब्लीफ्त’ म्हणतात, तेवढा एक शब्द पाठ करून तिने बाकीचे इंग्रजीत विचारले. टपरीवाल्याने मुळीच आढेवेढे न घेता सांगितले, होय, आमच्याकडे बैलाचीच चरबी. मग तिचा नियम ऐकून घेऊन त्याने वेष्टनांवर ही चरबी कोणत्या नावाने लिहितात तेही सांगितले. तो शब्द ‘ओसेविट’. तिने तो वहीत टिपून घेतला. त्याखाली आता बरीच मोठी यादी झाली आहे. ई 120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई 471 वनस्पतिजन्य असतो, तसा प्राणिजन्यही असू शकतो. म्हणून विचारल्याशिवाय घ्यायचे नाही. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट आहे की सूक्ष्मजीवांपासून केलेले, तेही पाहायचे. (हे शेवटचे आपल्याकडील परदेशी चीज घेतानाही पाहिले पाहिजे.)

रात्रिभोजनाचा हिशोबही तिने मांडला आहे. सप्टेंबरअखेरीस तेथे सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात पावणेपाचच्या आतच. तेव्हा दुपारचे वर्ग सुरू असतानाच डबा उघडावा लागेल, हे तिने प्राध्यापकांना आधीच विचारून ठेवले. त्यांनी परवानगी तर दिलीच, शिवाय कारण कुतूहलाने ऐकून घेतले.

रविवारी, ठरल्याप्रमाणे, ती विल्राइक या उपनगरातील जैन मंदिरात गेली. 2010 मध्ये प्रतिष्ठा झालेले हे संगमरवरी मंदिर युरोपातील मोठ्या जैन मंदिरांपैकी एक आहे. भावाने दिलेल्या पत्त्यांवरील एक कुटुंब तेथेच भेटले. त्यांनी आग्रहाने जेवावयास नेले आणि दर रविवारी येण्याचे वचन घेतले. तीन दिवस एकटीने हिंडलेली मुलगी त्या घरी पाहुणी म्हणून गेली आणि निघताना, तिच्या वहीतील यादी यजमानीणबाईंनी स्वतःसाठी उतरवून घेतली.

संध्याकाळी ती नदीखालच्या पादचारी बोगद्यातून पलीकडच्या तीरावर गेली. 1933 साली खुला झालेला हा बोगदा 572 मीटर लांब असून त्यातील जुने लाकडी सरकते जिने अजून चालू आहेत. पैलतीरावर बसून, समोर 123 मीटर उंच कॅथेड्रलचे शिखर उन्हात उजळलेले असताना, तिने स्वतःहून वडिलांना फोन केला आणि शुक्रवारची सगळी हकिगत सांगितली.

भाऊ रागावेल असे मला वाटले होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग तिला म्हणाला, “बरे केलेस सांगितलेस,” आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, “ताई, चूक तिची एकटीची नाही. आपल्या घरात ताटात येईल ते शुद्धच असते. तिला कधी विचारावेच लागले नाही. नियम आपण शिकवले, विचारायला शिकवलेच नाही.”

दरवर्षी आपल्या घरांतून अनेक मुले-मुली शिकण्यासाठी बाहेर पडतात, कोणी अँटवर्पला, कोणी बंगळूरला. त्यांच्या बॅगेत आपण खाखरे भरतो, ओळखीचे पत्ते देतो, आणि ते दिलेच पाहिजेत. पण निघण्यापूर्वी महिनाभर त्यांना बाजारात बरोबर न्यावे, वेष्टनावरील बारीक अक्षरे त्यांच्याकडून वाचून घ्यावीत, हॉटेलात वाढप्याला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. आणि चूक झालीच, तर ती सांगण्यासाठी घरातील एक तरी फोन न रागावता उचलला जाईल, याची खात्री त्यांना असावी.

भाचीचा चातुर्मास आता कुठे सुरू झाला आहे. काल तिने विचारले, “आत्या, डाळीत हिंग नसेल तर काय घालू?” त्याचे उत्तर मात्र वहिनीने दिले.