पगडी कोणाच्या इच्छेनें?

पुणेरी पगडीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आमच्या व्यापारी वाचकांस ठाऊकच आहे. पुढें जून २०१८ मध्यें श्री. शरद पवार यांनीं पुण्याच्याच सभेंत आपल्या पक्षाच्या समारंभांतून यापुढें फुले पगडीच वापरावी असें सांगितलें आणि मोठा वादंग माजला. कोणती पगडी थोर, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. ती कोणाच्या इच्छेनें डोक्यावर चढते, हा प्रश्न मात्र बाजूस राहिला. आम्हांस तोच मुख्य वाटतो.

कायद्यापुरतें बोलावयाचें तर १९९९ चा कायदा मालाचें नांव व उगम यांचें रक्षण करतो. त्या नांवानें माल कोणीं विकावा हें तो पाहतो. विकत घेणाराची जात पुसत नाहीं. रानडे-टिळकांच्या मस्तकीं शोभलेल्या पगडीच्या कारागिरांस मान मिळावा, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु एकच शिरोभूषण शहराचें खरें ठरवून तें पाहुण्याच्या डोक्यावर न विचारतां ठेवावें, असें त्या कायद्याच्या कोणत्याही कलमांतून निघत नाहीं.

याच पुण्यांत मार्च १८८८ मध्यें ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत गेले आणि हा भरजरी मेळा म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असें त्यांनीं राजपुत्रास ऐकविलें. ठेकेदारी केलेल्या त्या गृहस्थास बरे कपडे मिळाले नसते असें नव्हे. तो वेष त्यांनीं निवडला होता. उलटपक्षीं डिसेंबर १९२७ मध्यें महाडास डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांस लुगडें घोट्यापर्यंत नेसण्यास व जात दाखविणारे दागिने टाकण्यास सांगितलें. त्यांची गुडघ्यापर्यंतची नेसण ही हौस नव्हती, रूढीनें लादलेली खूण होती. गरिबाचा वेष एकानें आपण होऊन घेतला, दुसऱ्यांनीं तो झुगारला. दोघांचाही आग्रह एकच, कीं आम्ही कोण हें आमच्या अंगावर दुसऱ्यानें लिहूं नये.

आज बुधवार पेठेंत तुळशीबागेच्या परिसरांत तयार शिवलेली नऊवारी मिळते. कित्येक जाणत्या मंडळींस ती नाटकी वाटते. आम्हांस वाटत नाहीं. जिला आजीकडून नेसण शिकतां आली नाहीं, किंवा जिच्या आजीस तशी नेसूंच दिली नव्हती, तिलाही तें वस्त्र आतां दाम मोजून घेतां येतें. शिंप्याच्या सुईनें येथें विद्वानांच्या वादापेक्षां अधिक काम केलें आहे!

सत्कार-समित्यांस व शिक्षणसंस्थांस आमचें मागणें इतकेंच कीं, निमंत्रण धाडतांनाच पाहुण्यास व पदवीधरास काय घालावयाचें तें विचारावें, आणि तो बोडका येतों म्हणाला तर तसाच व्यासपीठावर बसवावा. दुकानदारांनीं दोन्ही पगड्या एकाच फळीवर मांडाव्या.